खटावकरांचं पुढे काय झालं

संगणकावर जुना निवाडा शोधला की त्यातले पक्षकार जातीने हजर होतात, ही सोय तालुक्याला आल्यापासून होनराव वकीलबाईंच्या नाकी नऊ आले होते. ऑफिसात जादा खुर्च्या दोनच. त्यातल्या एकीवर त्यांची अशील चंपाबाई दुधाळ बसलेली. चंपाबाईंचं मसाला कांडपाचं दुकान भाड्याचं होतं. तिथे जावई बसतो, म्हणजे तुम्ही पोटभाडेकरू ठेवलात, दुकान सोडा, असा मालकाचा दावा. युक्तिवाद उद्यावर आलेला. दुकान गेलं तर चंपाबाईंकडे दुसरं काही नव्हतं.

दिवसभर कोर्टात उभं राहून बाईंचे पाय भरून आले होते. त्या कंटाळ्यात त्यांनी नुसतं ‘भाडेकरू’ असं टाकलं आणि सगळा जिना भरला. भाडेकरूंबरोबर त्यांचे मालकही आले, काही तर भांडतच आले. खालचा चहावाला कसाबसा वर पोचला आणि म्हणाला, “बाई, जरा नेमकं शोधत चला. माझं गिऱ्हाईक बाहेर उभं आहे.”

त्याचं खरंच होतं. बाईंनी ‘दुकान’ हा शब्द जोडला, तेव्हा राहत्या घरांवरून भांडलेले सगळे कुरकुरत उतरले. ‘पोटभाडेकरू’ जोडल्यावर जिन्यात वारा खेळू लागला. मग त्यांनी ‘जावई दुकानात बसतो’ असं सबंध अवतरणचिन्हांत घातलं. एक गृहस्थ दाराला धरून राहिले. त्यांच्या दुकानात पुतण्या बसत असे, आणि पुतण्या जावयासारखाच असतो असं त्यांचं म्हणणं होतं. यंत्र तसं मानत नाही, असं बाईंनी त्यांना सांगितलं.

उरले एकटे नरहर खटावकर. व्यवसाय शिंपी, गळ्यात टेप. जावई बसला म्हणून दुकान जावयाचं होत नाही, असं हायकोर्टाने त्यांच्या निवाड्यात म्हटलं होतं, आणि तो परिच्छेद त्यांना तोंडपाठ होता. चंपाबाईंचा जीव भांड्यात पडला. आपला अर्धा चहा त्यांनी खटावकरांना बशीत ओतून दिला, आणि दोघं जावयांविषयी बोलत बसली.

आता एकच बटण दाबायचं राहिलं होतं. त्याच्यावर ‘पुढे काय झालं’ असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेक वकील तिथवर येईतो दमतात. बाईही दमल्या होत्या. समोरची दोघं इतकी खुशीत होती की त्यांना ते अगदी जिवावर आलं. तरी त्यांनी दाबलं.

जिन्यात पावलं वाजली. खटावकरांचे जागामालक पारखेशेट दारात चपला काढून आत आले.

“वरच्या कोर्टात निकाल फिरला,” ते म्हणाले. “हे गेल्यानंतर. वारसांना नोटीस गेली होती, पण कुणी आलं नाही.”

खटावकरांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मी हरलो?”

“हो,” बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण युक्तिवाद उद्या होता. निकाल कशावरून फिरला, हे त्यांनी पारखेशेटना विचारलं.

“किल्लीवरून. यांच्या दुकानाची किल्ली जावयाकडे असायची. कुलूप लावणारा जावई, म्हणून ताबाही जावयाचा धरला.”

चंपाबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “कुलूप मीच लावते,” त्या म्हणाल्या. “जावयाला हातसुद्धा लावू देत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाई पारखेशेटना घेऊन कोर्टात गेल्या. पुढच्या तारखेला मालकाचा दावा फेटाळला गेला. चंपाबाई तिखटाचा पुडा ठेवून गेल्या.

खटावकर मात्र ऑफिसातच राहिले. फिरलेल्या निवाड्याला कुणी बोलावत नाही, त्यामुळे त्यांना जायला जागा नव्हती. बाईंचा खांद्यावर उसवलेला काळा गाऊन त्यांनी शिवून दिला, मग खिडकीशी बसून राहू लागले. बाईंना त्यांच्याकडे बघवत नसे.

एका दुपारी ते एकदम उठले. शर्टाची बटणं नीट लावली, टेप गळ्यात घातली.

“परभणीच्या एका वकिलांचं बोलावणं आलंय,” ते म्हणाले. “मी हरलोय हे त्यांना सांगायचं का?”

बाईंनी समोरच्या कागदांवरून मान वर केली. परभणीला फोन करायचा म्हणजे आधी नंबर शोधणं आलं.

“विचारलं तर सांगा,” त्या म्हणाल्या.

“विचारत नाहीत हो कुणी,” खटावकर खुशीत म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यांची खुर्ची बाईंनी हलवली नाही.