बारा कार्डांची वर्गवारी

"शब्द चुकीचे आहेत," असे मोबाइलने चौथ्यांदा नम्रपणे कळवले, तेव्हा निवृत्त सुरक्षा अधिकाऱ्यांनी मोबाइललाच दोष दिला. बत्तीस वर्षे त्यांनी इतरांच्या कुलपांवर संशय घेतला होता. स्वतःवर घेण्याची सवय उरली नव्हती.

प्रश्न पत्नीच्या पैशांचा होता. ग्रंथपालपदावरून निवृत्त होताना तिला मिळालेली रक्कम साहेबांनी "बँकेत काय कुजवायची?" म्हणून आभासी चलनात गुंतवली होती. आज पाचपर्यंत अनामत भरली नाही, तर तिने वाचनालयासाठी पसंत केलेला गाळा एका केशकर्तनालयाला जाणार होता. घड्याळात साडेतीन वाजले होते.

त्या चलनाच्या पाकिटाला किल्ली नसते; बारा शब्द असतात, आणि ते ठरलेल्या क्रमानेच टाकावे लागतात. सगळे एका कागदावर ठेवणे म्हणजे चोराला आमंत्रण, या तत्त्वानुसार साहेबांनी एकेक शब्द वेगळ्या कार्डावर लिहून घरात बारा ठिकाणी दडवला होता. कार्डांवर आकडे घालणे त्यांना बावळटपणाचे वाटले. दारापासून आत जशी पावले पडतील, तसा शब्दांचा क्रम! चोराची मती गुंग होणार, याची त्यांना खात्री होती. चोर आलाच नाही. पत्नीने साफसफाई काढली, आणि आज कार्डांचा गठ्ठाच त्यांच्या हाती ठेवला.

"चपलांच्या कपाटात कार्ड, पिठाच्या डब्यात कार्ड! म्हटलं, ह्यांचं डोकं फिरलं की काय. सगळी गोळा केली आणि नीट लावून ठेवली."

"नीट म्हणजे?"

"अकारविल्हे. दुसरं कसं लावतात?"

गणिताचा मास्तर असलेल्या मेहुण्याला फोन गेला.

"भावोजी, बारा शब्द सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख प्रकारे लागतात," तो उत्साहाने म्हणाला. "रोज हजार करून पाहिले, तर तेराशे वर्षांत होऊन जाईल."

"आणि पाचपर्यंत?"

"पाचपर्यंत चहा घ्या."

पत्नीने फोन ठेवला. "लपवलेल्या जागा तरी आठवतात का?"

"सात आठवतात."

"वा! आणि तुमच्यावर अख्ख्या कचेरीची राखण होती." तिने एक कार्ड उलटे केले. मागे बारीक अक्षरात सापडल्याची जागा आणि तारीख होती. बाराही कार्डांवर होती. "नोंद केल्याशिवाय वस्तू हलवायला मी काय नवखी आहे?"

दोघे दारापासून कार्डे मांडत निघाले. वाट बोळापाशी अडली.

"आधी न्हाणीघर की स्वयंपाकघर?" साहेबांनी दोन्ही दारांकडे आळीपाळीने पाहिले.

"तुम्ही हे उद्योग करत होतात, तेव्हा मी कुठे होते?"

"स्वयंपाकघरात."

"मग तिथे शेवटीच गेला असाल."

पाकीट उघडले. रक्कम थोडी आटली होती, पण अनामतीपुरती होती. पाचला दहा मिनिटे असताना अनामत पोचल्याचा गाळामालकाचा निरोप आला आणि साहेबांची छाती पुन्हा पूर्ववत रुंदावली. एवढ्यात मोबाइलने सुरक्षेसाठी नवे बारा शब्द पुढे केले. साहेबांनी कोरी कार्डे शोधायला खणात हात घातला, पण पत्नीने तोवर शब्द एका कागदावर, आकडे घालून, उतरवले होते. कागद तिच्या कपाटात गेला. किल्ली फिरली.

"अगं, मला लागले तर?"

"मागायचे. इथेच बसून वाचायचे. संदर्भ विभाग आहे, बाहेर नेता येणार नाहीत."