मुक्काम धामणगाव, अंक तिसरा

गोविंदराव गावंड्यांनी आपल्या नाटकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना मला वाचून दाखवली, तेव्हा पहिली आवृत्ती निघालेली नव्हती. ती निघाली नव्हती, कारण नाटक अजून लिहून व्हायचं होतं. प्रस्तावना मात्र झकास होती. रसिकांनी पहिली आवृत्ती हातोहात संपवल्याबद्दल सुरुवातीला आभार मानले होते आणि शेवटी तीत राहून गेलेल्या छपाईच्या चुकांबद्दल क्षमा मागितली होती.

"गोविंदराव, जे छापलंच नाही त्यात चुका कशा राहतील?" मी विचारलं.

"आपल्या इथला छापखाना पाह्यला का तुमी? चुका राहतीनच. आपन आधीच माफी मांगून ठेवलेली बरी."

हे गोविंदराव अमरावतीला माझे शेजारी. दोन बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडे कुणी शिंकलं तर इकडून 'शंभर वर्षं जग' म्हणावं. आम्ही दोघं एकाच कचेरीत होतो. ते नकलेच्या टेबलावर. मूळ कागद पुढ्यात ठेवायचा आणि त्याबरहुकूम दुसरा उतरवायचा, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. अक्षर मोत्यासारखं आणि वेग असा की अर्जदार पान खाऊन येईपर्यंत नक्कल तयार. दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवताना एवढा धावणारा हा हात स्वतःचं लिहायचं म्हटलं की रुसून बसायचा.

स्वतःची म्हणून जी जी गोष्ट त्यांनी हाती घेतली, ती अर्ध्यावर ठेवली. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी एक मोर काढायला घेतला होता. चोच, तुरा, डोळा, पाय सगळं झालं आणि पिसारा राहिला. पुढे पुढे आमच्या आळीचा पत्ताच "बिनशेपटीच्या मोराजवळ" असा झाला. पोस्टमन नवा आला तरी तेवढ्यावरून घर शोधून काढायचा. हार्मोनियम दुरुस्त करायला म्हणून उघडली, तिच्या पट्ट्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि मग म्हणाले, "राहू द्या. अजून दाना भराचा हाय." ज्वारीच्या कणसाला लावायचा हा शब्द त्यांनी जगातल्या प्रत्येक कामाला लावला होता. दाणा भरायच्या आधी कापणी करणं त्यांना मंजूर नव्हतं.

पण खरा जीव नाटकात. नाव 'मुक्काम धामणगाव'. अकोटची मंडळी मुलगी पाहायला म्हणून धामणगाव स्टेशनावर उतरतात आणि भलत्याच घरी जाऊन बसतात. त्या घरात लग्नाची मुलगी असते, पण त्या दिवशी ते वाट पाहत असतात कर्जवसुलीच्या माणसांची. मग दोन अंक जो काही गोंधळ होतो, तो ऐकताना माझं पोट दुखायचं. खोटं सांगत नाही, फार चांगलं नाटक होतं. पहिले दोन अंक तयार. अर्पणपत्रिका तयार. पात्रांच्या नावांची यादी तयार. तिसरा अंक तेवढा यायचा होता.

तो येण्यासाठी त्यांनी काय नाही केलं? टेबल उंच होतं म्हणून सुताराकडून पाय कापून घेतले. मग खुर्ची उंच वाटायला लागली, तिचेही कापले. मग ते दोन्ही सोडून सतरंजीवर बसायला लागले. उन्हाळ्यात म्हणायचे, "या तपनीत मानूस लिहीन का घामाच्या धारा पुसन?" पावसाळ्यात कागद ओलसर होतात आणि शाई फुटते. थंडीत बोटं आखडतात. मी एकदा सहज विचारलं की मग उरलं काय, तर शांतपणे म्हणाले, "त्याचाच तं इचार करून राहिलो."

रोज संध्याकाळी कुणी ना कुणी ओट्यावरून हाक मारायचं, "काय गोविंदराव, नाटक?" आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "लिहून राहिलो." आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना यात काही वावगं वाटत नसे. आम्ही जेवून राहतो, म्हणजे जेवत असतो. येऊन राहतो, म्हणजे वाटेत असतो. लिहून राहिलो, म्हणजे लिहितोय, चाललंय.

गोविंदरावांच्या घरी तिसरं माणूस नव्हतं. ते आणि मथुरावहिनी. वहिनी अबोल बाई, पण हसायला लागली की घरभर हसायची. दर रविवारी दुपारी ती तुरीची डाळ निवडायला बसायची आणि गोविंदराव तिला नाटक वाचून दाखवायचे. भिंतीपलीकडून मला दोघांचंही ऐकू यायचं. पाहुण्यांना उपवास आहे असं समजून यजमानीण त्यांच्यापुढे नुसतं पाणी ठेवते, त्या जागी वहिनी हटकून हसायची. नाटकातल्या बायकांची सगळी वाक्यं मुळात तिचीच. गोविंदराव म्हणायचे, "ती जिथं नाही हासली, ते वाक्य मी काटलं. माह्या नाटकाची परीक्षा घरातच पास करा लागते."

अशातच आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला. नागपूरला जाणारे कागद मुंबईला जायला लागले आणि त्याच वाटेनं पुण्याकडचे वक्ते आमच्याकडे यायला लागले. त्या वर्षी शारदोत्सवात आमच्या उत्सव मंडळानं पुण्याचे एक प्राध्यापक बोलावले. उत्सव संपेपर्यंत त्यांचा मुक्काम अमरावतीतच होता. माणूस मोठा सौजन्यशील. पहिल्या दिवशी भाषणाआधी अध्यक्षांनी ओळख करून दिली, "हे आमचे नाटककार गोविंदराव."

"वा. सध्या काय?" प्राध्यापकांनी विचारलं.

"तीन अंकी हाय एक. लिहून राहिलो."

प्राध्यापकांनी क्षणभर त्यांच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं. पुण्यात लिहून राहिलो म्हणजे काय होतं, ते आम्हाला थोड्या वेळानं कळलं. भाषणाच्या शेवटी ते म्हणाले, "आमच्याकडे चार ओळी लिहिल्या की लेखक चाळीस जणांना ऐकवतो. तुमच्याकडे मात्र हा माणूस तीन अंकी नाटक लिहून स्वस्थ राहिला आहे. केवढी ही निगर्वी वृत्ती. माझी मंडळाला विनंती आहे की उत्सवाच्या शेवटच्या दिवशी या नाटकाचं वाचन ठेवावं. मी थांबलो आहेच."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांना तोंडावर कसं सांगायचं म्हणून अध्यक्ष गप्प राहिले. बाकीच्यांना वाटलं, झालंही असेल लिहून, कुणी सांगावं. आणि गोविंदरावांनी चक्क उभं राहून नमस्कार केला. बायकांच्या बाजूला मथुरावहिनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं एवढंच.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला गाठलं. "तुमी शेजारी. त्यांच्या मानेवर बसा, पन तिसरा अंक काढा. मंडळाची अब्रू हाय." मी गोविंदरावांना कचेरीतून रजा घ्यायला लावली, मीही घेतली आणि त्यांना कचेरीमागच्या कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. घरी बसू म्हटलं तर ते तयार होईनात.

मला वाटलं होतं, आता शाईची तक्रार येईल. पण त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली, मांडीवर पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवले आणि लिहायला लागले. खाडाखोड नाही, थांबणं नाही. कचेरीत नक्कल उतरवावी तसा तिसरा अंक कागदावर उतरत होता, जणू मूळ प्रत डोळ्यांपुढे होती. उत्सव संपायच्या आत काम फत्ते. मला त्यांनी तो तिथंच वाचून दाखवला. शेवटच्या प्रवेशात दोन्ही घरांचे पोहे एकाच पंगतीत येतात, तिथं मी इतका हसलो की कडुलिंबाला बांधलेली कुणाची तरी बकरी बिचकली.

"गोविंदराव, हा तर केव्हाचा तयार होता डोक्यात."

"होता तं."

"मग अडलं कुठं? चला, आधी घरी वहिनींना वाचून दाखवा."

त्यांनी कागदांची घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

"तिले ऐकू येत नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, मस्करी करताहेत. दर रविवारी मी वहिनीचं हसणं ऐकत होतो, आणि तेही अचूक जागी. मी तसं म्हटलं.

"ते दोन अंक तिले पाठ हायेत. कुठं हासाचं, सारं ठावं हाय. माह्या ओठायकडे पाहते अन् हासते. गेल्या साली मले वाचता वाचता ठसका लागला. आवाज फुटेना, नुसते ओठ हालून राहिले होते. अन् ती हासली. बराबर जागेवर हासली." त्यांनी टोपी उचलून झटकली. "तवा समजलं. तिनं मले सांगतलं नाही. मीबी इचारलं नाही. लपवून राहिली, तं तिची मर्जी असन."

त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"तिसरा अंक नवा हाय. नवं वाचलं तं ती कुठं हासन? चुकीच्या जागी हासन, नाही तं गप बसन. मंग बिचारी पकडली जाईन."

"अहो, पण तिथं मंडपात एवढ्या बायका. इतर हसल्या की त्याही हसतील. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

"मले दिसन ना," गोविंदराव म्हणाले. "अन् मले दिसलं, हे तिले दिसन."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मंडप गच्च भरला. प्राध्यापक पहिल्या खुर्चीत. मथुरावहिनी नवं लुगडं नेसून सर्वांत पुढे सतरंजीवर. गोविंदरावांनी वाचायला सुरुवात केली आणि लोकांनी हसून मंडप डोक्यावर घेतला. माझं लक्ष मात्र वहिनीकडे होतं. प्रत्येक विनोदाला ती लोकांच्या किंचित आधी हसत होती. तिच्या शेजारच्या बायका एकमेकींना कौतुकानं सांगत होत्या की घरच्या माणसाला सगळं तोंडपाठ असतं. दोन अंक संपले. प्राध्यापक रुमालानं डोळे पुसत होते.

गोविंदराव पाणी प्याले. कोटाच्या फुगलेल्या खिशावर त्यांचा हात गेला, तो मी पाहिला. अंक आत होता. त्यांनी एकदा समोर पाहिलं. वहिनी त्यांच्या ओठांकडे पाहत होती.

हात खिशावरून खाली आला.

"तिसरा अंक," गोविंदराव म्हणाले, "लिहून राहिलो."

जे हसू फुटलं ते दोन्ही अंकांच्या वरताण होतं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. प्राध्यापक गोंधळून विचारायला लागले, "राहिलात ना लिहून? मग वाचा की." शेवटी कुणीतरी त्यांच्या कानात आमच्या बोलीचा अर्थ सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. सौजन्यानं ते एवढंच म्हणाले की ही भाषा शिकायला हवी. पण मंडळाच्या लोकांनी गोविंदरावांना सोडलं नाही. पुढे कितीतरी वर्षं अमरावतीत कुणाचं काम लांबलं की "त्याचं गावंड्याचं नाटक झालं" असं म्हणायचे. अकोल्याला बदली झाल्यावर मी तिथंही ते ऐकलं. गोविंदराव हे सगळं पान चघळत ऐकून घ्यायचे आणि हसणाऱ्यांच्या हसण्यात सामील व्हायचे. तो माणूस मला त्या वेळी जेवढा मोठा वाटला, तेवढा नंतर कुणी वाटला नाही.

उत्सवानंतर दोन-तीन दिवसांनी मी सकाळी ओट्यावर उभा होतो. गोविंदराव बाजारात गेलेले. मथुरावहिनी दारात आली.

"भाऊजी, एक सांगू का? पन यायले सांगू नका."

यायले म्हणजे गोविंदरावांना; नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

"मले आता ऐकू येत नाही. लय दिवस झाले. यायले अजून ठावं नाही." ती हळू बोलत होती, स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा अंदाज नसल्यासारखी. "यायले समजलं का घरात ऐकनारं कोनी नाही, तं हे नाटक टाकूनच देतीन. मी हासते म्हून तं कागद हाती घेते हे. तिसरा अंक होऊन जाऊ द्या, मंग मीच सांगीन. तवापर्यंत तुमी बोलू नका."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तशी ती माझ्या ओठांकडे टक लावून पाहायला लागली. काय बोलणार होतो ते मला आजही ठाऊक नाही. मी नुसती मान हलवली. तिला बरं वाटलेलं दिसलं. पदर सावरून ती चहा टाकायला आत गेली.