चंद्राबाईंची फॅट

कळस गावच्या लोकांचे रक्त पुढची तीस वर्षे दरवर्षी तपासावे, असा निर्णय अत्यंत गांभीर्याने घेण्यात आला. त्यासाठी बावीस पानी संमतीपत्र आले. कलम चौदा : सहभागी व्यक्तीस अभ्यास पूर्ण होण्याआधी मरायचे असल्यास तिने तसे लेखी कळवावे. चंद्राबाई अडुसष्ट वर्षांच्या. त्यांनी बिनधास्त सही ठोकली.

घोळ एवढाच झाला, की रक्त घ्यायला जागा मिळाली ती दूध डेअरीत. या खिडकीत दुधाचे सँपल दिले की त्यातल्या स्निग्धांशाची फॅट लागते आणि ज्याची फॅट जास्त तो राजा, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! दर दिवाळीला जास्त फॅटच्या बक्षिसाची स्टीलची बादली शेजारच्या कुशाबाईंची म्हैस पटकावायची. सलग अकरा वर्षे. त्या अकराही बादल्या चंद्राबाईंच्या डोक्यात खणखणत.

पहिला अहवाल आला. "रक्तातली चरबी दोनशे दहा," अभ्यासाच्या डॉक्टर प्रियदर्शिनी म्हणाल्या.

"आन् कुशीची?"

"ते गोपनीय आहे."

"तीनशे हाय गं माझी!" रांगेतून कुशाबाईंनी गोपनीयता निकालात काढली.

झालं! चंद्राबाईंनी साय, तूप, खवा सुरू केला. शेवटी म्हशीपुढची सरकी पेंडसुद्धा गुळाशी चाखली. म्हशीला चढते, मग आपल्याला का नाही? पुढच्या वर्षी सहाशे बारा! त्यांनी पेढे वाटले. पहिला डॉक्टरीणबाईंना.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजी, जास्त म्हणजे धोका! कमी असलेली चांगली. पुढच्या वर्षापासून निरोगी नागरिक म्हणून बक्षीसही कमीवाल्यालाच आहे."

"काय हाय बक्षीस?"

"स्टीलची बादली."

"मंग आदी सांगायचं की वो! कमी करनं तर लई सोप्पं."

तिसऱ्या वर्षी रक्ताच्या नळ्या डेअरीच्या शीतघरात ठेवल्या. किल्ली डेअरीत कामाला असलेल्या चंद्राबाईंच्या मुलाकडे, सोपानकडे. चंद्राबाई तांब्याभर पाणी घेऊन आत शिरल्या. आधी स्वतःच्या नळीत घातले. मग एकटीचेच भले करणे बरे दिसेना, म्हणून गावाच्याही घातले. फक्त कुशाबाईंची नळी सोडून.

निकाल लागला. गाव ठणठणीत! बादली चंद्राबाईंना. कुशाबाईंना मात्र तातडीने बारामतीच्या दवाखान्यात नेले. "अगं, पानी घातलंय हिनं!" असे त्या गाडीतून ओरडत होत्या. डॉक्टरांनी नोंद केली : रुग्ण भ्रमिष्ट.

एवढे निरोगी गाव कुठेच सापडले नव्हते. म्हणून त्याचेच आकडे प्रमाण मानण्यात आले.

तुमच्या रिपोर्टमध्ये, तुमच्या आकड्याशेजारी, बारीक अक्षरात 'नॉर्मल' म्हणून एक आकडा असतो ना? तो चंद्राबाईंच्या तांब्यातला. तुमचा त्याहून जास्त आलाय?

मग सरका, गाडीत कुशाबाईंशेजारी जागा आहे. आणि ओरडू नका. नोंद होते.