धुरी सरांची कात्री

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत रोज एक वर्तमानपत्र येतं आणि गेली अकरा वर्षं मी ते भोकांतून वाचते आहे. पहिल्या पानावर एक चौकोनी भोक, तिसऱ्यावर दोन, शेवटच्या पानावर एक लांबट. पेपर उघडून धरला की समोर बसलेले धुरी सर त्यातून स्वच्छ दिसतात. हातात कात्री, पुढ्यात खळीची बाटली आणि चेहऱ्यावर काडीचाही अपराधी भाव नाही.

मला सकाळच्या चहाबरोबर शब्दकोडं लागतं. दादरच्या घरात लहानपणापासून लागलेलं ते व्यसन आहे. पण धुरी सरांना हवी असलेली बातमी शब्दकोड्याच्या नेमक्या मागच्याच बाजूला छापायची, असा त्या पेपरवाल्यांचा नियम असावा. एकदा आडवे शब्द माझ्याकडे राहिले आणि उभे सातवी ब मध्ये गेले. मी भडकले.

"पेंडसे बाई," सर शांतपणे म्हणाले, "तुमचं कोडं सुटलंच असतं हो. ह्या बातमीचं सुटत नाहीये."

धुरी सर इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवतात, असं वेळापत्रक म्हणतं. प्रत्यक्षात ते आजचा पेपर शिकवतात. शर्टाच्या खिशात कात्री ठेवून ठेवून त्यांच्या सगळ्या शर्टांचे खिसे खालून फाटलेले. खळ घरी मैद्याची शिजवून आणतात. पावसाळ्यात तिला असा वास सुटतो की माझ्या प्रयोगशाळेतली रसायनं बरी वाटावीत.

वर्गात गेले की कात्रण फळ्यावर चिकटवायचं, मोठ्याने वाचायचं आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न: "ह्यात कोण आहे, ज्याचं नाव छापलेलं नाही?"

एकदा बातमी होती, प्रवासी घटल्यामुळे आमच्या भागातला एक बसमार्ग बंद होणार. सरांनी अख्खा वर्ग वह्या घेऊन बसथांब्यावर उभा केला. "प्रवासी घटले म्हणतायत. राहिले ते कोण, ते बघून या." पोरं तासाभराने परतली ती नावं घेऊन. पाट्या घेऊन रे रोडच्या बाजूने येणाऱ्या कोळीणबाई, एक दिवसाआड इस्पितळात जाणारे आजोबा, तीन घरची पोळीभाजी करणाऱ्या मावशी. पोरांनी त्या नावांसकट पत्र धाडलं. बस काही वाचली नाही, ते खोटं कशाला सांगू? पण तेव्हापासून आमच्या सातवीची मुलं 'प्रवासी' हा शब्द वाचताना जरा थांबतात. तीस वर्षं विज्ञान शिकवून मला एखाद्या शब्दापाशी मूल थांबवता आलेलं नाही.

ह्या पद्धतीचा फटका कधी कोणाला बसेल, सांगता यायचं नाही. स्नेहसंमेलनाची बातमी छापून आली, तिच्यात मुख्याध्यापिका बाईंचं नाव पाच वेळा. सरांनी तीच फळ्यावर लावली आणि प्रश्न विचारला. दुपारी बाई फेरीवर आल्या तर फळाभर यादी: खुर्च्या लावणारे सखाराम मामा, माईक दुरुस्त करणारा सनीचा दादा, नाचाच्या चोळ्या शिवणारी कोणाकोणाची आई आणि शेवटी 'तीन तास पडदा ओढणाऱ्या पेंडसे बाई'. मुख्याध्यापिका आठवडाभर सरांशी बोलल्या नाहीत. मी मात्र, कबूलच करते, त्या फळ्याचा फोटो काढून ठेवलाय.

एकदाच आमचं खरंखुरं वाजलं. जवळच एक जुनी इमारत कोसळली होती. मी म्हटलं, "सर, आज तरी हे वर्गात नको. लहान आहेत."

"बाई, त्यांना आधीच माहीत असतं," ते म्हणाले. "आपण लपवलं म्हणून त्यांची भीती जात नाही. मुलं फक्त एकटी पडतात."  ह्यावरचं उत्तर मी घरी जाऊनही शोधत होते.

यंदा परीक्षेच्या आधी सर तापाने पडले आणि प्रश्नपत्रिका त्यांच्याकडेच राहिल्या. त्या आणायला मी नायगावला त्यांच्या चाळीत गेले. सरांनी लग्न केलेलं नाही. खोलीत ते आणि त्यांची आई, दोघंच. सर आत झोपले होते. दाराशी त्यांची आई पेपर वाचत बसली होती, पंचाऐंशीच्या घरातली, चष्म्याला दोरा बांधलेला. आणि तिच्या पेपरलाही भोकं!

मला हसू आवरेना. "तुमच्या पेपरातूनही वर्गासाठी कापतात वाटतं?"

"वर्गासाठी खयचा गो बाय," म्हातारी आवाज बारीक करून म्हणाली. "चाळ पाडूची बातमी इली की कापता. माका दिसा नये म्हणान."

चाळ पुनर्विकासाला जाणार होती. सगळ्यांनी खोल्या सोडायच्या, तात्पुरत्या घरांत जायचं आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत वाट बघायची. ह्या खोलीत ती नवरी म्हणून आली होती. तिचा नवरा गिरणीतून येऊन ह्याच दाराशी बसायचा. ती नव्या घरापर्यंत पोचेल का, ही सरांची धास्ती. म्हणून जगाला बातम्या वाचून दाखवणारा हा माणूस घरात कात्री चालवत होता.

"मग तुम्हाला काहीच माहीत नाही?" मी विचारलं.

"माका सगळा म्हायत आसा. दुपारी शेजारच्या सुमनकडचो पेपर वाचतंय ना मी!" ती गालात हसली. "पुढच्या म्हयन्यात खोली खाली करूची आसा. पण तू त्याका सांगा नको हां. त्याका वाटता, आवस म्हंजे मी, हाय खाईत. माज्या झिलाचा काळीज हळवा आसा."

नाही सांगणार, असा शब्द देऊन मी प्रश्नपत्रिका घेऊन निघाले. दोन माणसं एका खोलीत बसून एकमेकांपासून एकच बातमी लपवत होती, आणि दोघांचं गुपित आता माझ्याकडे. मला सरांचा रागही आला आणि रडूही.

परीक्षा संपली. महिना भरत आला, तरी सर बोललेले दिसेनात. अशात एके दिवशी मुख्याध्यापिकांनी मला सरांच्या पाठाचं निरीक्षण करायला पाठवलं. मी मागच्या बाकावर टेकले. अधूनमधून सर कात्रण मुलांनाच आणायला सांगतात; त्या दिवशी पाळी मनालीची होती. ती सरांच्याच चाळीतली, बडबडी पोर. तिने कात्रण फळ्यावर लावलं: नायगावच्या चाळीतल्या रहिवाशांना खोल्या सोडण्याच्या नोटिसा.

सरांनी बातमी वाचली, पण नेहमीपेक्षा भराभर. सवयीने प्रश्नही तोंडातून गेलाच. "ह्यात कोण आहे, ज्याचं नाव छापलेलं नाही?"

पोरं सुटली. पाणी सोडणारे काका! इस्त्रीवाला भैया! जिन्याखालची मांजरं!

"सर, तुमची आई," मनाली म्हणाली. "तिला तर कोणी सांगितलंच नाहीये. माझी मम्मी बोलते, आजीच्या समोर बिल्डिंगचा विषय काढायचा नाही, सरांनी सांगितलंय."

 मी निरीक्षणाच्या कागदावर उगाच रेघा मारत राहिले. सर खिडकीकडे बघत उभे होते. मग वळले, खडू घेतला आणि मांजरांच्या खाली सावकाश लिहिलं: श्रीमती सुभद्रा धुरी. "बरोबर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते माझ्यासमोर येऊन बसले.

"काल संध्याकाळी आईला बातमी वाचून दाखवली, बाई. अख्खी."

"काय म्हणाल्या?"

"सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, 'बरा केलंस सांगितलंस ता. माका कायएक म्हायत नव्हता.' " सर हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढला. "आणि म्हणते, चल, माळ्यावरचा सामान काढूक घेऊया. मीच उगाच घाबरत होतो बघा. इतके महिने एकटाच."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. सुमनकडचा पेपर, दुपारचं वाचन, सगळं. पण मी म्हातारीला शब्द दिला होता. मी घाईघाईने टेबलावरचा पेपर उघडून तोंडासमोर धरला.

"आज कापायचं राहिलं," पलीकडून सर म्हणाले. "कात्री आईने ठेवून घेतलीय. बोचकी बांधायला सुतळी कापायची आहे तिला."

खरंच की. पेपर अखंड होता, शब्दकोडं आडव्या-उभ्यासकट शाबूत होतं. मला त्यातलं एक अक्षर दिसत नव्हतं. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या पेपराआड बसून सरांना न दिसता डोळे पुसता आले.