बालप्रतिनिधी, वय बत्तीस

शांतता दोन प्रकारची असते. बोलण्यासारखे काहीच नसल्यामुळे पसरलेली, आणि बोलायचे काय ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पसरलेली. सुव्यवस्थित संस्थांमध्ये प्रामुख्याने दुसरा प्रकार आढळतो. बालहक्क संस्थेच्या सभागृहात त्या दुपारी ती पसरून बराच वेळ झाला होता. खिडकीतून आलेला उन्हाचा चौकोन टेबलावरून सरकत सरकत कोषाध्यक्षांच्या मनगटापाशी येऊन ठेपला होता, आणि उन्हालाही उत्तर द्यावे लागेल अशा भीतीने त्यांनी हात हलवला नव्हता.

परीक्षकांनी विचारले होते ते एवढेच, "कार्यकारिणीवरचं मूल कुठे आहे?"

परीक्षक धर्मादाय संस्थांना तारे देणाऱ्या कार्यालयातून आले होते. संस्थेचा पैसा कुठे जातो आणि तिथले निर्णय कोण घेतो, हे एका दिवसात पाहायचे आणि एक ते चार तारे द्यायचे, असे त्यांचे काम. (चार तारे मिळालेल्या संस्थेला देणग्या येतात. तीन तारे मिळालेल्या संस्थेला शुभेच्छा येतात.)

टेबलाच्या टोकाला, इतरांच्या खुर्च्यांपेक्षा वीतभर बुटक्या खुर्चीवर बसलेली बाई उठून उभी राहिली. तिने हात वर केला, कारण या खोलीत बोलण्याआधी हात वर करायचा असे तिला शिकवलेले होते.

"मी," छकुली म्हणाली.

छकुलीचे वय बत्तीस होते.

यात संस्थेचा काही दोष होता असे म्हणता येणार नाही. तेवीस वर्षांपूर्वी कार्यकारिणीने आपल्या घटनेत एक कलम घातले: मुलांविषयीचे निर्णय मुलांना विचारल्याशिवाय घेतले जाऊ नयेत, यासाठी कार्यकारिणीवर एक मूल असावे. (विचारून झाल्यावर पुढे काय करावे, याबाबत कलम मौन पाळते.) मुलाची निवड कशी करावी, त्याला कोणत्या उंचीची खुर्ची द्यावी, बैठकीत दूध कधी द्यावे, हे सगळे त्यात बारकाईने लिहिले होते. मुलाची मुदत कधी संपते, एवढेच राहून गेले. मुले मोठी होतात ही गोष्ट बालहक्काच्या क्षेत्रात आयुष्य वेचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ते वर्षानुवर्षे एकाच छायाचित्राकडे पाहत असतात.

छकुली मात्र मोठी होत राहिली. ती अभियंता झाली, पुलांची तपासणी करू लागली. हातोडीने खांब ठोकून, कान लावून, पुलाच्या पोटात काय दुखते आहे ते ती सांगत असे, आणि तिच्या एका सहीने मालट्रकांची रांग नदीच्या अलीकडे थांबत असे. मग तिमाही बैठकीचा दिवस उजाडे. ती या खोलीत येई, बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून बसे, आणि तिच्यासमोर कोरा कागद, रंगीत खडू आणि कोमट दुधाचा पेला ठेवला जाई. खडूंना ती हात लावत नसे. दूध मात्र पीत असे. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांच्या नजरेसमोर पेल्यात दूध शिल्लक ठेवणे छकुलीला आजवर जमलेले नव्हते.

ती अजूनही का येत होती, त्याचे कारण तिच्या पहिल्या बैठकीत होते. संस्थेची एक हेल्पलाइन होती. कोणत्याही मुलाने कोणत्याही संकटात फोन करावा, कोणीतरी ऐकेल, अशी योजना. वेळ अकरा ते पाच. नऊ वर्षांच्या छकुलीने उभे राहून, हात वर करून म्हटले होते, "तेव्हा आम्ही शाळेत असतो. शेजारच्या घरात मार बसतो तो तिचे बाबा आल्यावर. बाबा सहाला येतात."

सभागृह हेलावले. टाळ्या झाल्या. इतिवृत्तात नोंद झाली: 'बालप्रतिनिधीने गोड शब्दांत विचार मांडले.'

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ती तेच मांडत आली. सतराव्या वर्षी तिने ते चिडून मांडले (नोंद: 'किशोरवयीन भावनांचा आदर करण्यात आला'). पंचविसाव्या वर्षी आलेख काढून मांडले (नोंद: 'बालप्रतिनिधीची चित्रकला उल्लेखनीय'). टाळ्या कधी चुकल्या नाहीत. हेल्पलाइनची वेळही कधी चुकली नाही. पाचच्या ठोक्याला बंद. बालप्रतिनिधीला मत होते, पण ते मोजायचे नसून मनाला लावून घ्यायचे असते, असा संस्थेचा प्रघात होता, आणि कार्यकारिणीतल्या प्रत्येकाने ते वेळोवेळी मनाला लावून घेतले होते.

आज बाहेरचा माणूस येणार, तो तरी विचारील, या एका आशेवर छकुली एक पूल अर्धा तपासून सोडून आली होती.

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. छकुली तेवढीच राहिली.

"या… मूल आहेत?"

"आमचं बाळच आहे हो ते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोन वेण्या घालून आली होती पहिल्या दिवशी. एक रिबीन सुटलेली. मीच बांधून दिली."

"आता हिचीच मुलगी आठ वर्षांची आहे!" कोषाध्यक्ष कौतुकाने म्हणाले, आणि टेबलाखाली काहीतरी लागल्यासारखे कळवळले. कोषाध्यक्षांना सगळे काका म्हणत. माणूस मनाने चांगला. हिशेबाने त्याहून चांगला.

परीक्षकांचा स्वभाव निर्णय घेण्याचा नव्हता, निर्णयाप्रत येण्याचा होता. त्यांनी प्रश्नाचे दोन भाग केले.

समजा, छकुली प्रौढ आहे. मग तिच्यावर झालेला खर्च हा मुलांवर झालेला खर्च नव्हे. हा मुद्दा नाजूक होता, कारण चौथ्या ताऱ्यासाठी शंभरातले किमान सत्तर थेट मुलांवर खर्च व्हावे लागतात, आणि काकांनी ते मोठ्या कष्टाने एकाहत्तरवर आणून ठेवले होते. त्यांत छकुलीची खुर्ची होती, दूध होते, प्रवासभाडे होते. तिच्या लग्नातला आहेर होता ('बालिकेचे सक्षमीकरण'). तिच्या बाळंतपणात पाठवलेले झबले होते ('लाभार्थींच्या संख्येत वाढ'). सभागृहाचे भाडेही त्यातच होते, कारण खोलीत एक मूल बसते म्हणून ती बालस्नेही जागा. मूल उठले की उरते ते नुसते सभागृह. शिवाय मुलाविना घेतलेले सगळे निर्णय रद्द ठरले असते. त्यात अध्यक्षबाईंची नेमणूकही होती, आणि परीक्षकांना आज इथे बोलावण्याचा ठरावही. म्हणजे परीक्षक इथे आलेलेच नाहीत असे निघाले असते.

(परीक्षकांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहिला.)

आता समजा, छकुली मूल आहे. मग काहीच बिघडत नाही. उलट एक दुर्मीळ गोष्ट सिद्ध होते. अन्य संस्थांत बालप्रतिनिधी दोन वर्षांत बदलतात, धड बोलायला लागेपर्यंत जातात. इथे अनुभवी मूल आहे.

"युवा प्रतिनिधी कोण आहेत?" परीक्षकांनी सहज विचारले.

काकांनी हात वर केला. त्यांची नेमणूक चोविसाव्या वर्षी झाली होती. येत्या हिवाळ्यात त्यांना बासष्टावे लागणार होते.

परीक्षकांनी लिहिले: 'परंपरेत सुसंगती आहे.'

तरीही त्यांचे समाधान होईना. "मुलाविषयीचा निर्णय मुलाला विचारूनच घ्यायचा, असं तुमचीच घटना सांगते," ते म्हणाले. "तेव्हा तुम्हीच सांगा. तुम्ही लहान आहात की मोठ्या?"

पुन्हा शांतता झाली, पण या वेळची जात निराळी होती. सगळ्या माना एकदम वळल्या. अध्यक्षबाईंच्या डोळ्यांत, वर्गातल्या हुशार मुलीकडून तपासनीसासमोर योग्य उत्तराची अपेक्षा असते, तशी अपेक्षा होती. छकुलीने आयुष्यात पुष्कळ खांब पाहिले होते, आणि एखादा खांब आपल्यावर सगळा भार आला आहे हे किती उशिरा कुरकुरून सांगतो हेही तिला ठाऊक होते. या खोलीचा भार आपल्यावर आहे, हे तिला तेवीस वर्षांनी ऐकू आले.

"हेल्पलाइन रात्री दहापर्यंत चालू राहणार असेल," ती म्हणाली, "तर मी नऊ वर्षांची आहे. नाहीतर बत्तीस."

"अगं!" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सातपर्यंत करू," काका लगेच म्हणाले. त्यांचे रक्तच हिशेबाचे.

"दहा."

"साडेआठ कर, माझे आई. मुलांना झोपायचं असतं लवकर."

"ज्यांना झोप लागते ती कशाला फोन करतील, काका?"

काकांनी टेबलावरचा हात मागे घेतला. उन्हाचा चौकोन त्यांच्या मनगटावरून उतरून केव्हाच जमिनीवर गेला होता.

"दहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मांड ठराव."

तिने मांडला. लोक सवयीने टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा बाईंनी छडी आपटावी तसा तळवा टेबलावर आपटला आणि हात वर करायला सांगितले. हात वर झाले. छकुली ते मोजत राहिली. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. बाहेर संध्याकाळ होऊ घातली होती आणि रस्त्यावरच्या सायकलींच्या घंटा कोणीतरी आनंदाने उधळल्यासारख्या वाजत होत्या. तिने दुधाचा पेला उचलला आणि आज पहिल्यांदाच कोणी पाहत नसतानाही सगळा संपवला.

"अभिनंदन," परीक्षक मनापासून म्हणाले. "फोन उचलायला माणूस ठेवणार ना? पगारी?"

"ठेवावाच लागेल."

"मग तो प्रशासकीय खर्च. मुलांवरचा नाही."

"पण तो मुलांचेच फोन उचलणार," छकुली म्हणाली.

"उचलेल ना. त्याबद्दल शंका नाही." परीक्षक समजावणीच्या सुरात म्हणाले, "पण असं बघा, फुगा मुलाच्या हातात जातो. पगार मोठ्या माणसाच्या खिशात जातो. तुमचे एकाहत्तर ते होतात अडुसष्ट. चौथा तारा गेला." मग छकुलीचा चेहरा पाहून त्यांना वाईट वाटले, कारण ते वाईट माणूस नव्हते. "ठराव झाला, त्याचे पूर्ण गुण आहेत. अंमलबजावणीचा रकाना आमच्याकडे नाहीच. ठराव राहू द्या. माणूस नका ठेवू."

"रकाना का नाही?"

"देणगीदार विचारत नाहीत."

हे खरे होते. देणगीदार ही अत्यंत सहृदय जमात आहे. आपण दिलेल्यातले किती कार्यालयात मुरते, एवढे एकच ते विचारतात, आणि 'फारसे नाही' असे उत्तर आले की सुखाने झोपतात. कार्यालयात फोन उचलायला कोणी आहे का, असे विचारल्याची नोंद परीक्षकांच्या कारकिर्दीत नाही. (आपण त्या जमातीतले नाही असे ज्या वाचकाला वाटत असेल, त्याने शेवटची देणगी देताना स्वतः काय विचारले होते ते आठवून पाहावे. देणगी दिलीच नसेल, तर आठवण्याचे श्रमही वाचतील.)

परीक्षकांनी तीन तारे रंगवले. चौथ्यावर लेखणी टेकवली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून गेले होते. तिथला कर्मचारी डबा आवरून, दिवा मालवून, नियमाप्रमाणे पाचला घरी गेला होता. फोन अंधारात वाजत होता. छकुली उठली. बुटक्या खुर्चीवरून उठायला तिला नेहमीच थोडा वेळ लागे.

"एक मिनिट," परीक्षक म्हणाले. त्यांची लेखणी थबकली होती. "तुम्ही उचलणार?"

"दुसरं कोण आहे?"

"मग अडचण आहे. तुम्ही मोठ्या म्हणून उचललात, तर सगळा हिशेब पहिल्यापासून. तारा नाही. आणि लहान म्हणून उचललात…" त्यांनी नियम मनात उलगडून पाहिले आणि खरोखरच घाबरले. "तर संस्थेने मुलाला कामाला लावलं असं होतं. बालमजुरी. मग एकही तारा नाही."

फोन वाजत राहिला.

"वाजून वाजून थांबतो गं तो आपोआप," काका हळूच म्हणाले. "रोजचंच आहे."

"कधी कधी लगेच थांबतो," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि तो थांबत नाही हे सगळ्यांसारखे त्यांनीही ऐकले. मग त्यांनी मायेने, दोन वेण्यांच्या काळातल्या आवाजात विचारले, "छकुली, बस ना. शहाणं बाळ ना तू माझं?"

खोलीतले कोणी जागचे हलले नाही. हे वाचणारेही नाहीत. छकुली उत्तर न देता बाहेरच्या खोलीकडे चालू लागली.