न हललेला चेंडू

प्रामाणिकपणा हा एकमेव सद्गुण असा आहे की जो चारचौघांत दाखवला तर खरा वाटत नाही, आणि एकट्यात दाखवला तर कळत नाही. गोल्फ या खेळाने ही अडचण फार पूर्वीच सोडवली. तिथे खेळाडू स्वतःच गुन्हेगार, स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश असतो. टीव्हीचे कॅमेरे फक्त त्याचे डोळे पाणावतात का, हे बघायला ठेवलेले असतात.

कॅन्ससमधल्या सीडर फोर्क गावचा लोवेल प्रुइट हा या व्यवस्थेचा सर्वोच्च आविष्कार. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द एकोणीस वर्षांची. जिंकलेल्या स्पर्धा शून्य. न जिंकल्याबद्दल मिळालेले सन्मान सदतीस. (त्यांत तीन मानद डॉक्टरेट; पैकी एक पशुवैद्यक महाविद्यालयाची.)

ज्या दिवसामुळे हे घडलं तो १९९१ सालचा एप्रिलमधला रविवार. जागा जॉर्जिया. ओक्लाहोमाच्या रे डेल टगलने शेवटच्या होलवर वीस फुटांवरून चेंडू आत घातला होता आणि खेळ संपवून तो टोपी मांडीवर घेऊन बसला होता. मागून येणाऱ्या लोवेलला फक्त बरोबरी साधायची होती. (या खेळात ज्याचे फटके कमी तो श्रेष्ठ. कमी काम करून वरचढ ठरण्याची सोय इतर क्षेत्रांतही आहे, पण तिथे ती नियमावलीत छापत नाहीत.) चेंडू होलपासून चार फुटांवर होता.

चार फूट म्हणजे काही अंतर नव्हे. पण आदल्या हंगामात लोवेल चार फुटांवरून तीनदा हुकला होता. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणात सासरा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "टर्कीचं ताट लोवेलकडे देऊ नका. चार फुटांवर ठेवायचं असलं तरी खाली पाडेल." लोवेल हसला होता. त्यानंतर मात्र हात थरथरायला लागले ते लागलेच.

त्या दिवशीही तो चेंडूपाशी उभा राहिला. काठी टेकवली. चार हजार माणसं गप्प. मनगटं पाण्यातल्या काडीसारखी हलत होती. आणि अचानक तो मागे सरला.

"हलला," तो म्हणाला.

मागे त्याचा कॅडी चेस्टर गूच उकिडवा बसला होता. सव्वीस वर्षं लोकांच्या पिशव्या खांद्यावर वाहून तो एका बाजूला कललेला होता, पण डोळे शाबूत होते.

"काय हलला?"

"चेंडू. मी काठी टेकवली तेव्हा."

चेस्टर हळू आवाजात म्हणाला, "पोरा, हलतोयस तू. चेंडू आहे तिथंच आहे."

पण लोवेलने तोवर पंचाला हाक मारली होती. पंचाने काही पाहिलं नव्हतं. सात कॅमेऱ्यांनीही काही पाहिलं नव्हतं. साहजिकच प्रामाणिकपणा अधिकच थोर ठरला. त्या काळच्या नियमाप्रमाणे लोवेलने दंडाचा एक फटका स्वतःच्या नावावर लावून घेतला आणि जिथून चेंडू हलला नव्हता तिथेच तो काळजीपूर्वक परत ठेवला. आता आत गेला काय नि न गेला काय, हार नक्की होती. लोवेलचे हात एकदम दगडासारखे स्थिर झाले. चेंडू होलच्या बरोबर मध्यावरून आत पडला.

टगल एका फटक्याने जिंकला. चषक त्याच्या हातात देताना अध्यक्ष आठ मिनिटं बोलले. त्यातली साडेसात मिनिटं लोवेलवर.

पुढची अकरा वर्षं लोवेलला खेळायला सवड मिळाली नाही. देशाला प्रामाणिकपणाची किती निकड आहे हे त्याला आमंत्रणांवरून कळलं. त्याने या विषयावर चारशे बारा भाषणं दिली. श्रोत्यांत बँका, विमा कंपन्या, जुन्या मोटारींचे विक्रेते आणि एकदा संपूर्ण राज्य विधिमंडळ. (भाषणानंतरच्या महिन्यात त्यातले दोन सभासद तुरुंगात गेले, पण त्यांनी गुन्हा कबूल केला, हे भाषणाचंच यश मानलं गेलं.) चार फुटांवरून चेंडू मारण्याची वेळ त्याच्यावर पुन्हा आली नाही. तो सुखी होता असं म्हणायला हरकत नाही.

मग एका शनिवारी तो विचिटा शहरातल्या मॉलमध्ये आरामखुर्ची घ्यायला गेला. खुर्ची मागे कशी कलते हे दाखवायला जो विक्रेता आला, तो रे डेल टगल.

"बस ना," टगल म्हणाला. "पाठीला बरी आहे."

लोवेल बसला. टगलने दांडा ओढला तशी खुर्ची मागे गेली आणि लोवेल छताकडे बघू लागला.

"तू इथं कसा रे?"

"कुठं असणार? दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर जिंकलेला माणूस मी. बूट विकणारी कंपनीसुद्धा म्हणाली, जाहिरातीला आम्हाला तो दुसरा हवाय." मग तो खुर्चीवर वाकला. "एक सांग. अकरा वर्षं विचारीन म्हणतोय. किती हलला होता?"

आडव्या पडलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं, असं लोवेलला वाटत होतं. "केसभर," तो म्हणाला.

"केसभर," टगलने मान हलवली. "रंग कोणता देऊ? तपकिरी आहे, हिरवा आहे."

त्या तपकिरी खुर्चीत लोवेलला एकदाही डोळा लागला नाही. महिन्याभराने सीडर फोर्कने त्याच्या सन्मानार्थ भोजन ठेवलं तेव्हा त्याने टगलला मुद्दाम बोलावून घेतलं, आणि रताळ्याचं पक्वान्न वाढून झाल्यावर तो उभा राहून म्हणाला, "चेंडू हलला नव्हता. मला त्या चार फुटांची भीती वाटली. मी खोटं बोललो. रे डेल खरा जिंकला."

 आधी महापौरबाई उभ्या राहिल्या. मग सगळे. टाळ्या सहा मिनिटं चालल्या. एक टगल तेवढा बसून होता. दुसऱ्या दिवशी पेपरांत छापून आलं : 'एवढं सत्य कोण बोलतो? प्रुइटचा दुसरा विजय.' खाली बारीक अक्षरांत : 'टगल मात्र जागचा हलला नाही. कडवटपणा अजून कायम.'

लोवेलने टगलला भोजनाच्या रात्रीच पार्किंगमध्ये गाठलं होतं.

"माफ कर, रे डेल. मला वाटलं, आता तरी..."

"आता तरी काय? आधी मी तुझ्या खरेपणामुळं जिंकलो, आता खोटेपणामुळं. अरे, मी वीस फुटांवरून आत घातला होता! ते बोललं का कुणी?"

"सुंदर होता तो."

"मग बरोबरी झाली असती तर जो जादा होल खेळलो असतो, तो आता खेळ माझ्याशी. मंगळवारी. कुणाला सांगू नकोस."

मंगळवारी सकाळी नगरपालिकेच्या मैदानावर दोघे एकच होल खेळले. पिशवी अर्थात कललेल्या चेस्टरकडे. टगलने तीस फुटांवरून चेंडू मारला. तो उतारावरून वळत वळत गेला आणि आत पडला. लोवेलला बरोबरीसाठी राहिले चार फूट.

तो उभा राहिला. मनगटं हलू लागली. त्याने दात आवळले, जीव ओतून मारला, आणि चेंडू दोन बोटं उजवीकडून निघून गेला.

"मुद्दाम?" टगलने विचारलं.

"नाही रे बाबा. आई शप्पथ."

टगलने त्याचे हात हातात घेऊन पाहिले. ते अजून थरथरत होते. मग तो इतका हसला की त्याला गवतावर बसावं लागलं.

पण गवत कापणाऱ्या माणसाने लांबून पाहिलं होतं, आणि गुरुवारी सीडर फोर्कच्या पेपरात मथळा आला : 'जुन्या प्रतिस्पर्ध्याला प्रुइटने जिंकू दिलं.' लोवेलने खुलासा पाठवला, की मी जिवाच्या आकांताने खेळलो आणि टगल माझ्याहून चांगला खेळला. तो 'विनय' या मथळ्याखाली छापला गेला.

वास्तविक टगल त्या दिवशी खरोखरच चांगला खेळला. हे इथे स्वच्छ लिहिलं आहे, चेस्टर साक्षीला आहे, थरथरणारे हात तुम्हीही पाहिलेत. आणि तरीसुद्धा तुमच्या मनात येतंय, की नाही हो, लोवेलने मुद्दामच हुकवला असणार. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!