जोमादादांचा फिल्टर

जोमादादा माणसाला नावानं हाक मारत नाहीत, गावानं मारतात. पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या आमच्या ऑफिसात मी किनवट, मालक सांगली आणि चहावाला आझमगड. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव मध्येच तोडलं होतं. "नाव ऱ्हाऊ दे. कंचा तू?"

मी दहावीच्या आतच शाळा सोडलेला, घर एका रात्रीच्या प्रवासावर. वाटलं, आता पुढचा प्रश्न 'कितवी पास?' तो त्यांनी आजपर्यंत विचारलेला नाही.

लोकांना भाड्यानं सर्व्हर उभे करून द्यायचे, हे आमचं काम. त्यासाठी तयार साचे मिळतात, त्यांना इमेज म्हणतात. एखाद्यात विंडोज, एखाद्यात लिनक्स. यादी मारुतीच्या शेपटाएवढी. जोमादादा माऊसला शिवत नाहीत. काळ्या स्क्रीनवर दोन बोटांनी कमांड टाइप करतात आणि आधी सिस्टीमचा फिल्टर लावतात, म्हणजे हव्या त्या सिस्टीमच्याच इमेज खाली येतात. "मानूस काय, सर्वर काय, आदी कंचा ते इचारायचं. बाकीचं मंग." खानावळीत वाढपी भाज्या म्हणू लागला की यांचा हात वर. "सगली यादी नको. वांगी सोरून बोल."

एकदा एका गिऱ्हाइकाला जुनंच लिनक्स हवं होतं; त्याचा प्रोग्राम नव्यावर चालेना. मी फिल्टर लावला. खाली काहीच नाही. पुन्हा लावला, तेच. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, तर उद्या यायचं कशाला?" मला किनवटची गाडी दिसायला लागली.

जोमादादांनी खुर्ची ओढली. "ए किनवट, तोंड कशाला पारतोस? जुनी झाली का ती यादीत दावत नाय. पुसलेली नाय." कमांडच्या शेवटी त्यांनी एक शब्द जोडला आणि जुन्या इमेज ओळीनं खाली आल्या. मग आतल्या केबिनकडे बघून म्हणाले, "सांगली, पोराला मिलाली."

त्या संध्याकाळी चहा मी सांगितला. धीर करून विचारलं, "दादा, तुम्ही कंचे?"

"मिठपाडा. खाडीला लागून. आय मासली मिठागरावर तशीच मिठात गारायची, दुपारी भाकरीवर घ्यायची." ग्लास फिरवत राहिले. "इमानतलात गेला गाव. आता उलव्याला सेक्टरमदी हाय. बसमदी कदी गावाचंच तिकीट मागतो. कंडक्टर बोलतो, काका, असा स्टॉपच नाय."

"मग तुम्हाला कुणी मिठपाडा म्हणत नाही?"

"गावात सगलेच मिठपाडा. कोन कोनाला बोलनार? आनि भाएर कोनी इचारला नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आझमगड ग्लास ठेवून गेला. जोमादादा टाइप करत होते. मी म्हणालो, "मिठपाडा, चहा घ्या."

बोटं थांबली. "हां, आलो," ते म्हणाले. पण स्क्रीनकडेच बघत बसले.

आझमगड ग्लास न्यायला आला, तेव्हा चहा तसाच होता, वर साय धरलेला.